सीएफए लेव्हल १, नोकरी सांभाळून : जानेवारी ते नोव्हेंबर २०२३ च्या नोंदी

मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेच्या गुंतवणूक विभागात काम करते. सरकारी रोखे, ट्रेझरी बिलं (सरकारचं वर्षाच्या आतल्या मुदतीचं कर्ज), ठेवीच्या १८ टक्के एसएलआरचा, म्हणजे सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावाच लागणाऱ्या हिश्श्याचा हिशेब, हेच रोजचं. वय ३४, मुलगी दुसरीत. सीएफए म्हणजे गुंतवणूक क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय पात्रता, तिच्या तीन परीक्षांपैकी पहिली लेव्हल १. या परीक्षेला बसायचं ठरवलं तेव्हा एक्सेलची एक शीट उघडली आणि तास, पैसे, चुका त्यात टाकत गेले. या नोंदी त्यातूनच उतरवल्या आहेत. अभ्यासक्रम काय आहे ते इथे सांगत बसत नाही, कुठे आपटले ते सांगते.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर लॅपटॉप उघडला. ऑगस्टच्या परीक्षेला आत्ता नाव नोंदवलं तर फी ९०० डॉलर, मुदत टळली की १२००. शिवाय पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याला एकदाच भरायचे ३५० वेगळे. पुढे पासपोर्ट क्रमांकाचा रकाना आला. आधार, पॅन काही चालत नाही, पासपोर्टच हवा. कपाटातून काढला तर २०२१ लाच संपलेला. त्यावर नाव माहेरचं, फोटो कॉलेजातला.

२२ फेब्रुवारी

पासपोर्ट आज स्पीड पोस्टाने आला. नूतनीकरणाची फी १५०० रुपये. नाव बदलून सासरचं लावावं का, यात आठवडा गेला. बदलायचं तर लग्नाचा दाखला वगैरे कागद वाढतात. शेवटी माहेरचंच ठेवलं. मग पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख, मग पोलिस पडताळणी. पडताळणीला हवालदार आले तेव्हा मी बँकेत. दुसऱ्यांदा आले तेव्हाही बँकेत. तिसऱ्यांदा सासूबाईंनी त्यांना चहावर बसवून ठेवलं आणि मला फोन केला.

या धावपळीत स्वस्तातली मुदत गेली.

४ मार्च

फी भरली. ३५० अधिक १२००, एकूण १५५० डॉलर. क्रेडिट कार्डवर भरल्याने बँकेचा साडेतीन टक्के परकीय चलन आकार आणि त्यावर जीएसटी. स्टेटमेंटवर आकडा आला १,३२,६६०. वेळेत भरली असती तर साधारण २५,७०० वाचले असते. कुणी या वाटेने जाणार असेल तर पहिलं काम पासपोर्ट बघणं, पुस्तक नंतर.

एक जादा उद्योग केला. नाव टाइप करताना हाताच्या सवयीने बँकेतलं, म्हणजे सासरचं नाव टाकलं. परीक्षा केंद्रावर पासपोर्ट आणि नोंदणी यांतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. दुरुस्तीसाठी ईमेल, त्यावर उत्तर, परत ईमेल. नऊ दिवस.

२ एप्रिल

मार्च महिन्यात ११ तास. वर्षअखेर, रोख्यांचं मूल्यांकन, तरतुदी, ऑडिटर. बँकेत काम करणाऱ्याने मार्च अभ्यासात धरूच नये.

३० एप्रिल

एप्रिलचे तास ५८. पहाटे पाच ते सात, देवघराशेजारच्या खोलीत. आकडा छान दिसतो, पण त्यातले ४२ तास मी टिपणं काढत होते. क्वांट (आकडेमोड आणि संख्याशास्त्र) आणि इकॉनॉमिक्स मिळून तीन दोनशेपानी वह्या, निळं पेन, लाल पेन, चौकटी. शाळेत अशाच अभ्यासावर नंबर आला होता.

आज क्वांटच्या पहिल्या चार धड्यांवरचे ४० प्रश्न सोडवले. बरोबर १७. प्रत्येकाला तीनच पर्याय असतात, डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी तेरा-चौदा आले असते. म्हणजे ४२ तासांची कमाई तीन-चार मार्क.

वह्या बंद. यापुढे धडा एकदा वाचायचा, लगेच प्रश्न, चुकलेल्याचीच ओळ कागदावर. पुण्यातल्या एका क्लासचे रेकॉर्डेड व्हिडिओ १४,००० ला घेतले होते, तेही बंद. शिकवणारे हुशार होते, पण दीड तासाच्या व्हिडिओत चाळीस मिनिटं 'लाइफ कशी सेट होईल' हे ऐकायला माझ्याकडे पहाट नव्हती.

१४ मे

आज घरचा विषय, म्हणजे फिक्स्ड इन्कम, रोखे आणि बिलं. म्हटलं इथे तरी मार्क फुकट. ट्रेझरी बिल तर मी दर बुधवारी लिलावात बघते.

प्रश्नाचा सांगाडा असा: ९१ दिवसांचं अमेरिकी ट्रेझरी बिल, दर्शनी १०० (म्हणजे मुदतीअखेर मिळणारे), किंमत ९८.३०, डिस्काउंट रेट, म्हणजे सवलतीचा वार्षिक दर किती? मी बोटांवर असल्यासारखं केलं. १.७० भागिले ९८.३०, गुणिले ३६५ भागिले ९१. उत्तर ६.९४ टक्के. पर्यायांत ६.९४ होतं. खूण केली, पुढे गेले. चूक.

आपल्याकडे बिलाचं यील्ड, म्हणजे वार्षिक परतावा काढताना भागायचं किमतीने आणि वर्ष धरायचं ३६५ दिवसांचं. अमेरिकी डिस्काउंट रेटमध्ये भागायचं दर्शनी किमतीने आणि वर्ष ३६० दिवसांचं. १.७० भागिले १००, गुणिले ३६० भागिले ९१, म्हणजे ६.७३. प्रश्न काढणाऱ्याने माझ्यासारखीसाठीच ६.९४ तिथे मांडून ठेवलेलं. ज्याला यातलं काही येत नाही त्याने सूत्र पाहून नीट सोडवलं असतं. मी सूत्र पाहिलंच नाही, कारण मला 'येत' होतं.

तीस प्रश्नांत असे सहा निघाले. शीटमध्ये नवा रकाना केला: 'ऑफिसची सवय'.

२७ मे

आजचा दिवस कॅल्क्युलेटरने खाल्ला. परीक्षेत दोनच कंपन्यांची ठरावीक मॉडेलं चालतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं बीए टू प्लस आणि एचपीचं ट्वेल्व्ह सी. मी पहिलं घेतलं, ३,४५० रुपये.

सकाळपासून रोख्यांच्या किमती चुकत होत्या. प्रत्येक उत्तर जरा जास्त यायचं. शेवटी पुस्तक बाजूला ठेवून आमच्या बँकेच्या ओळखीचा रोखा घेतला: ६.५४ टक्के व्याजाचा, २०३२ ला संपणारा. सोपं जावं म्हणून नऊ वर्षं उरलीत असं धरलं, यील्ड ७.३०. व्याज सहामाही, म्हणून एन (किती हप्ते) १८, आयवाय (दर) ३.६५, पीएमटी (हप्ता) ३.२७, एफव्ही (शेवटी मिळणारे) १००. माझ्या अंदाजाने किंमत ९५ च्या आसपास हवी. कॅल्क्युलेटर म्हणतो ९६.६०. पुन्हा केलं. ९६.६०. दीड रुपयाचा फरक ऐकायला किरकोळ, पण पाच कोटींच्या रोख्यावर तो पावणेआठ लाख होतो. ऑफिसात असा आकडा दिला असता तर साहेबांनी खुर्चीतून उठवलं असतं.

दुपारी मुलगी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, इथे वर बारीक बीजीएन लिहिलंय, ते काय?" वर्गणी महिन्याच्या सुरुवातीला भरायचं एक गणित मी मंगळवारी केलं होतं, तेव्हा यंत्र 'सुरुवातीला हप्ता' या पद्धतीवर टाकलं होतं. बंद करून चालू केलं तरी ते तसंच राहतं. सेकंड, पीएमटी, सेकंड, एंटर, मग सेकंड आणि सीपीटी ही बटणं दाबली. अक्षरं गेली आणि उत्तर आलं ९५.०५.

त्याच बैठकीत आणखी एक खोट दुरुस्त केली. हे यंत्र नवं घेतलं की साखळी पद्धतीने चालतं. दोन अधिक तीन गुणिले चार दाबलं की २० सांगतं. सेकंड, मग दशांश बिंदूचं बटण, मग खालचा बाण दाबत 'सीएचएन' पर्यंत जायचं आणि सेकंड, एंटर करून 'एओएस', म्हणजे गुणाकार आधी करणारी पद्धत लावायची. मग १४ येतात. तिथेच दशांश स्थळं दोनची सहा केली. हे पहिल्या दिवशी करायचं काम मी तिसऱ्या महिन्यात केलं. त्याआधी चुकलेल्या किती गणितांत डोकं नाही, यंत्र चुकलं होतं, ते आता कळायला मार्ग नाही.

१८ जून

फायनान्शियल स्टेटमेंट्स. २०२३ च्या अभ्यासक्रमात याला १३ ते १७ टक्के. सगळी मारामारी आयएफआरएस (हिशेबाचे आंतरराष्ट्रीय नियम) आणि यूएस गॅप (अमेरिकेचे नियम) यांच्या फरकांवर. साठ्याचं लिफो मूल्यांकन, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणं, आपल्याकडे चालत नाही, आयएफआरएसमध्येही नाही, अमेरिकेत चालतं. भाव चढते असताना लिफोमध्ये विकलेल्या मालाची किंमत जास्त दिसते, नफा कमी, करही कमी. भरलेलं व्याज अमेरिकेत ऑपरेटिंग (रोजच्या कामकाजाच्या) रोकडीत, आयएफआरएसमध्ये ऑपरेटिंग किंवा फायनान्सिंग (भांडवल-कर्जाच्या), कंपनी ठरवेल तसं.

हे पाठ करून उपयोग होईना. शेवटी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोन रकाने आखून फ्रिजवर लावले. सासूबाईंनी भाजीवाल्याचा हिशेब त्याच कागदाच्या कडेला लिहिला. तो कागद आजही तसाच आहे, वर लिफो, खाली मेथी दोन जुड्या.

कॉर्पोरेट इश्युअर्स, डेरिव्हेटिव्ह्ज, अल्टर्नेटिव्ह्ज हे विषय जूनमध्येच उरकले. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

९ जुलै

एथिक्स, म्हणजे व्यवसायातली नीतिमत्ता. १५ ते २० टक्के, म्हणजे सगळ्यात जड विषय, आणि गणित एकही नाही. सात मानकं, त्यांची बावीस कलमं. वाचताना वाटतं यात काय, प्रामाणिक वागा. पहिल्या ५० पैकी २४.

एका प्रश्नात फंड मॅनेजरला ब्रोकर सहलीला नेतो. माझ्या मनाने उत्तर दिलं, 'त्यात काय, परिसंवाद होता.' कारण आमच्याकडे तसं चालतं. एका ब्रोकरने गोव्यात परिसंवाद ठेवला होता, आमच्यातले दोघं जाऊन आले, येताना काजू आणले, मीही खाल्ले. पुस्तक म्हणतं, ब्रोकरच्या पैशाने जायचं नाही, निर्णय स्वतंत्र राहिला पाहिजे.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या ५० प्रश्नांत जिथे तिथे 'उल्लंघन'. त्यातही २९ च. कारण किरकोळ भेटवस्तू चालते. ग्राहकाने खूश होऊन दिलेली भेट मालकाला कळवून घेता येते. जाहीर माहिती आणि बारीकसारीक, एकटीने महत्त्वाची नसलेली अजाहीर माहिती जोडून निष्कर्ष काढला तर तो गुन्हा नाही, त्याला मोझेक म्हणतात. तेव्हा सवयीने उत्तर द्यायचं नाही आणि सोवळ्यानेही नाही. कलम काय म्हणतं तेवढंच.

पुढचे तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर वीस प्रश्न, फक्त एथिक्स.

२३ जुलै

पहिली पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा. १८० प्रश्न, ९० चे दोन भाग, प्रत्येकी १३५ मिनिटं. प्रश्नाला दीड मिनिट. बाहेर पाऊस धो धो, घरातले सगळे मोबाइलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतायत, नवरा दर तासाला येऊन फूट आणि इंच सांगून जातोय.

९७ बरोबर. ५४ टक्के. पास व्हायला किती लागतात ते परीक्षा घेणारी संस्था सांगत नाही. सगळे ७० धरून चालतात.

चुकलेले ८३ प्रश्न संध्याकाळी एकेक करून शीटमध्ये टाकले. माहीतच नव्हतं: ३१. प्रश्न नीट वाचला नाही, 'कोणतं नाही' हा शब्द सुटला वगैरे: १९. कॅल्क्युलेटर: ९. ऑफिसची सवय: २४.

२४! अकरा वर्षांच्या अनुभवाने २४ मार्क खाल्ले. आणि त्यातले निम्मे ज्या विषयाचा मला पगार मिळतो त्यातले.

उपाय साधा केला. फिक्स्ड इन्कमचा प्रश्न आला की आधी तीन गोष्टी कागदावर लिहायच्या: वर्ष किती दिवसांचं, भागायचं कशाने, व्याज वर्षातून किती वेळा. लिहिल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. वीस सेकंद जातात. जाऊ देत.

६ ऑगस्ट

दुसरी मॉक १०६, तिसरी ११९.

अधिक श्रावण चालू आहे. धोंड्याचा महिना म्हणून आईने जावयाला बोलावलं, तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, सगळं साग्रसंगीत. मी गेले नाही. आईला फोनवर सांगितलं की मॉक आहे. "जावई एकटाच येणार वाण घ्यायला?" म्हणाली. नवरा मुलीला घेऊन गेला आणि डबा भरून अनारसे घेऊन आला. तिसरी मॉक त्या अनारशांवरच झाली.

१५ ऑगस्ट

चौथी मॉक १२८, म्हणजे ७१ टक्के. चुकलेले ५२: माहीत नव्हतं २७, वाचलं नाही १४, कॅल्क्युलेटर २, सवय ९. सवय पूर्ण गेली नाही आणि जाणारही नाही, उद्या परत बँकेत ३६५ च वापरायचे आहेत.

पाचवी मॉक करायची नाही असं ठरवलं. उरलेले दिवस चुकांची शीट आणि एथिक्स.

२३ ऑगस्ट, पुणे

काल एसटीने आले. केंद्र पुण्यात, मुक्काम मावशीकडे. दुपारी रिक्षाने केंद्र बघून आले, दार कुठलं, मजला कितवा. उद्या सकाळी शोधाशोध नको.

संध्याकाळी डोळ्यांखालून एकदा फरकांचे कागद घालणार होते. पण सहा वाजता अख्खी सोसायटी मावशीच्या हॉलमध्ये, टीव्हीवर चांद्रयान. सहा वाजून चार मिनिटांनी उतरलं. काकांनी पेढे काढले. त्यानंतर कसला अभ्यास. साडेनऊला झोपले, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

२४ ऑगस्ट

काय आलं होतं ते लिहिता येत नाही. प्रश्न सोडाच, कोणत्या भागावर विचारलं हेही बाहेर सांगायचं नाही, सातव्या मानकाचं पहिलं कलम आहे. तेव्हा फक्त बाजूच्या गोष्टी.

दागिन्यांवरून कटकट नको म्हणून बांगड्या आणि मंगळसूत्र मावशीकडे काढून ठेवलं. मावशीने काही न बोलता ते देवापुढे ठेवलं. आत पासपोर्ट तपासला, नाव तीनदा वाचलं. माहेरचं नाव कुणी मोठ्याने हाकारून मला बारा वर्षं झाली असतील, पहिल्या हाकेला मी उठलेच नाही.

पहिल्या भागात वेळेचं गणित चुकलं. ७० व्या प्रश्नावर घड्याळात २३ मिनिटं, म्हणजे उरलेल्या वीस प्रश्नांना मिनिटभराच्या जरा वर. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून शेवटचे चार अंदाजाने. मधल्या सुट्टीत मावशीने दिलेला थालीपिठाचा तुकडा खाल्ला. दुसऱ्या भागात दर ३० प्रश्नांना ४५ मिनिटं हे कागदावर लिहून घेतलं आणि अकरा मिनिटं उरली.

एकूण तास ३१२. संस्था ३०० सुचवते. एप्रिलचे ४२ वजा केले तर २७० च.

खर्च: फी १,३२,६६०, पासपोर्ट १,५००, कॅल्क्युलेटर ३,४५०, व्हिडिओ १४,०००, प्रवास २,१००. बेरीज १,५३,७१०. त्यातले जवळजवळ चाळीस हजार नुसते उशिराचे आणि व्हिडिओंचे.

ऑक्टोबर, निकालाचा दिवस

पास. ऑगस्टच्या लेव्हल १ चा निकाल ३७ टक्के.

गुण देत नाहीत, विषयवार आलेख देतात आणि मध्ये ७० टक्क्यांची रेघ. एथिक्स रेघेच्या बरंच वर. स्टेटमेंट्स वर. क्वांट, जिच्या वह्या भरल्या होत्या, रेघेला चिकटून. सगळ्यांत खाली फिक्स्ड इन्कम. आलेख नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "साहेबांना हे पान दाखवू नकोस."

साहेबांनी पेढे मागवले आणि बँकेच्या पत्रकात माझ्या नावापुढे 'सीएफए लेव्हल १' छापायचं म्हणाले. तसं लावता येत नाही, तीन परीक्षा आणि अनुभवाची अट पुरी झाल्याशिवाय ती अक्षरं नावाला जोडायची नाहीत, हे समजावण्यात अर्धा तास गेला. 'लेव्हल १ उत्तीर्ण' असं वाक्यात लिहिता येतं. त्यांना ते फिकं वाटलं.

८ नोव्हेंबर

दिवाळी चार दिवसांवर. दरवर्षीप्रमाणे ब्रोकरकडून सुक्या मेव्याचा डबा आला, लाकडी, वर चांदीचा वर्ख लावलेले काजू. शिपाईमामांनी नेहमीसारखा माझ्या टेबलावर ठेवला. मी फोटो काढला, अंदाजे किंमत लिहिली आणि साहेबांना ईमेल केली की अशी भेट आली आहे, नोंद असावी, विभागात वाटून टाकते.

दहा मिनिटांनी साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अगं, दोन डबे आलेत," ते म्हणाले. "माझ्याकडच्याचं पण लिही त्यातच."